बॅलन्स ट्रान्सफरसाठी कार्ड कुठलं घ्यावं? आधी हप्ता ठरवा, मग कार्ड

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, हातात पगार 42,000, आणि तीन कार्डांवर मिळून 1,85,000 थकलेत. पहिल्यावर 92,000 महिना 3.75 टक्क्यांनी, दुसऱ्यावर 63,000 आणि तिसऱ्यावर 30,000, हे दोन्ही 3.5 टक्क्यांनी. तिसऱ्यावरच्या 30 हजारातले 20 हजार एटीएममधनं कॅश काढलेले, त्याचं लिमिट 1,20,000. पगाराच्या बँकेनं सव्वा लाखाचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी देतो म्हटलंय पण ते सगळ्याला पुरत नाही म्हणून तुम्ही नको म्हणालात. आणि आता फोनवर एकानं 0 टक्के बॅलन्स ट्रान्सफर (म्हणजे जुन्या कार्डांची बाकी बिनव्याजी नव्या कार्डावर घेणं), लाइफटाइम फ्री असं नवीन कार्ड देऊ केलंय. महिन्याला ओढूनताणून 15,000 भरू शकता. कार्ड कुठलं घेऊ, असं विचारलंय.

मी बँकेत कार्ड आणि पर्सनल लोनच्या खात्यात बरीच वर्षं काढलीत, आता कोल्हापुरात राजारामपुरीत लोकांची कर्जाची कागदं बघून देतो, तर सरळच सांगतो. कुठलं कार्ड हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा की महिन्याला नक्की किती भरू शकता, म्हणजे चांगल्या महिन्यात नाही, पोराची फी आणि गावची जत्रा एकाच महिन्यात आली तरी किती भरू शकता. तो आकडा ठरला की मुदत ठरते, मुदत ठरली की कुठली ऑफर चालेल ते आपोआप कळतं. लोक नेमकं उलटं करतात, आधी 0 टक्के बघून कार्ड घेतात आणि मग हप्ता कसा बसवायचा ते शोधत बसतात.

आधी आत्ता काय चाललंय ते बघू. तिन्ही कार्डांचं महिन्याचं व्याज धरलं तर 3,450 अधिक 2,205 अधिक 1,050, म्हणजे 6,705. त्यावर 18 टक्के जीएसटी, साधारण 1,207. हा जीएसटी लोकांच्या लक्षातच येत नाही. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो. स्टेटमेंटवर फायनान्स चार्जेस अशी एक ओळ असते आणि तिच्या खाली सीजीएसटी, एसजीएसटी नाहीतर आयजीएसटी अशी वेगळी ओळ, ती बघा. म्हणजे तुमचे महिन्याला जवळपास 7,900 रुपये नुसते व्याज आणि त्याच्या टॅक्सात जातायत. तुम्ही म्हणालात आत्ता तिन्हीवर मिळून दहा हजार भरताय, मग मुद्दल कमी होतंय फक्त 2,100. त्यात मधे गाडीचं पेट्रोल नाहीतर किराणा कार्डावर केला की ते 2,100 पण गेलेच, कारण मागची बाकी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून व्याज लागतं. दहा हजार भरून आकडा जागेवरच का, असं तुम्ही वैतागून लिहिलंय त्याचं कारण हे आहे, बँकेनं हिशोबात गडबड केलेली नाही.

तुम्ही आणखी एक विचारलंय, की कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही असं कुणीतरी सांगितलं. ते जुनं झालं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मधे तसा निकाल दिला होता खरा, पण सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2024 मधे तो रद्द केला. त्यामुळं महिना साडेतीन पावणेचार म्हणजे वर्षाला 42 ते 45 टक्के हे आज चालूच आहे, त्या आशेवर थांबू नका.

आता 0 टक्क्याची ऑफर. आपल्याकडं बॅलन्स ट्रान्सफर साधारण दोन प्रकारात मिळतं. एक म्हणजे दोन-तीन महिने व्याज नाही, फक्त प्रोसेसिंग फी, आणि मुदत संपली की राहिलेल्या रकमेवर कार्डाचं नेहमीचं व्याज चालू. दुसरं म्हणजे सहा, नऊ, बारा महिन्यांचा ईएमआय कमी दरानं. फोनवरच्या माणसानं तुम्हाला पहिला प्रकार सांगितलाय, 90 दिवस आणि 2 टक्के फी.

समजा नवीन कार्डावर 60,000 ट्रान्सफर झाले. फी 1,200 आणि त्यावर जीएसटी 216, असे 1,416 रुपयात तीन महिने बिनव्याजी. स्वस्त आहे, खरंच स्वस्त आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते संपवायला महिन्याला 20,000 पाहिजेत, आणि तुमच्याकडं सगळ्या कार्डांना मिळून आहेत 15,000. म्हणजे चौथ्या महिन्यात मोठी बाकी परत साडेतीन टक्क्यांवर जाणार, आणि बाकीच्या दोन कार्डांचं मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) चुकलं तर लेट फी वेगळी. ही ऑफर वाईट नाही, ती तुमच्यासाठी नाही एवढंच. ज्याचे पैसे ठरलेल्या तारखेला येणार आहेत त्याच्यासाठी ती आहे, म्हणजे दिवाळीचा बोनस नक्की आहे, भिशीचा नंबर पुढच्या महिन्यात लागणार आहे, एफडी मॅच्युअर होणार आहे. ऊसाच्या बिलावर मात्र असा हिशोब बांधू नका असं मी करवीर-कागलकडच्या लोकांना नेहमी सांगतो, कायद्यानं 14 दिवसांत द्यायचं असलं तरी खात्यावर जमा होईपर्यंत ते धरायचं नाही.

आणि दुसरी अडचण, जी फोनवर कुणीच सांगत नाही, ती लिमिटची. नवीन कार्ड मंजूर झालं म्हणजे तुमचे 1,85,000 सगळे त्यावर जातील असं नाही. तीन कार्डांवर बाकी आहे आणि पगार 42 हजार, यावर नवीन बँक लिमिट जपूनच देणार, 70-80 हजार मिळालं तरी खूप. आणि बहुतेक बँका सगळं लिमिट ट्रान्सफरला देत नाहीत, त्यातला ठराविक हिस्साच देतात. हा आकडा कार्ड हातात आल्यावरच कळतो. म्हणून कार्ड आलं की लगेच ॲक्टिव्हेट करू नका, आधी लिमिट बघा, कस्टमर केअरला ट्रान्सफरची रक्कम, मुदत, दर, फी सगळं विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणं 30 दिवसांत तुम्ही कार्ड ॲक्टिव्हेट केलं नाही तर बँकेला तुमची ओटीपीनं संमती घ्यावी लागते, आणि तुम्ही संमती दिली नाही तर तुमच्याकडनं काही न घेता सात कामाच्या दिवसांत ते खातं बंद करावं लागतं. अर्जासोबत एक पानाचं की फॅक्ट स्टेटमेंट (दर, फी, अटींचा गोषवारा) देणंही बंधनकारक आहे, ते मागून घ्या, तोंडी शब्दावर सही करू नका.

पण तुमच्या बाबतीत मला वाटतं नवीन कार्ड लागणारच नाही. तिसऱ्या कार्डाचं लिमिट 1,20,000 आणि वापर 30,000, म्हणजे 90,000 मोकळे आहेत. बॅलन्स ट्रान्सफर नवीन कार्डावरच करायचं असतं असा बऱ्याच जणांचा समज आहे, तसं नाहीये. हातात असलेल्या कार्डावर दुसऱ्या बँकेच्या कार्डाची बाकी आणता येते, त्या बँकेची ती सोय चालू पाहिजे आणि तुमची परतफेड बरी पाहिजे एवढंच. एकाच बँकेच्या दोन कार्डांत मात्र सहसा होत नाही. ॲपमधे बेनिफिट्स किंवा लोन अँड ईएमआय अशा कुठल्यातरी टॅबखाली ऑफर दिसते, नाही दिसली तर फोन करा. नवीन अर्ज नाही, त्यामुळं सिबिलवर (तुमच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडं) चौकशीची नोंद वाढायचा प्रश्न सहसा येत नाही, आणि काम आठवड्याभरात होतं.

आता माझं मत, जे तुम्हाला आवडणार नाही कदाचित. ते सव्वा लाखाचं लोन घ्या. पुरत नाही म्हणून सोडू नका. तुमच्या समोरच्या सगळ्या पर्यायांत तेच सगळ्यात स्वस्त आहे आणि तुम्ही ते बाजूला ठेवून महागातलं शोधताय. सव्वा लाख, 14 टक्के, 24 महिने धरलं तर हप्ता साधारण 6,000 बसतो आणि पूर्ण दोन वर्षांचं व्याज 19 हजाराच्या आसपास. फी 2 टक्के अधिक जीएसटी कापली तर हातात 1,22,050 येतील, आणि बघा, 92,000 अधिक 30,000 म्हणजे 1,22,000. दोन कार्डं शून्यावर येतात. या दोन कार्डांवर आत्ता महिन्याला व्याज आणि जीएसटी मिळून 5,310 जातायत, म्हणजे जवळपास लोनच्या हप्त्याएवढेच, फरक इतकाच की तिथं दोन वर्षांनी काहीच संपलेलं नसतं.

मग राहिले दुसऱ्या कार्डावरचे 63,000. त्यातले 3,000 तुम्ही खिशातनं भरा आणि 60,000 तिसऱ्या, आता मोकळ्या झालेल्या कार्डावर ट्रान्सफर करा, बारा महिन्यांच्या ईएमआयवर. दर समजा महिना 1.3 टक्के मिळाला, रिड्युसिंगनं (म्हणजे राहिलेल्या मुद्दलावरच व्याज), तर ईएमआय 5,432. त्यावर व्याजाच्या भागाला जीएसटी, पहिल्या महिन्यात 140 आणि पुढं कमी कमी होत जातो. वर्षभरात व्याज 5,190, जीएसटी 934, आणि 1 टक्का फी धरली तर जीएसटीसकट 708. सगळा खर्च 6,832. मी लोकांना टक्के विसरायला सांगतो आणि हाच एक आकडा काढायला लावतो, पूर्ण मुदतीत मुद्दलाच्या वर खिशातनं किती जाणार ते. दोन ऑफर शेजारी ठेवल्या तर याच आकड्यानं तुलना होते, फी एकीची जास्त आणि दर दुसरीचा जास्त असला तरी.

लोन 6,000 आणि कार्डाचा हप्ता साडेपाच हजाराच्या थोडा वर, म्हणजे साडेअकरा हजार. तुमच्या 15,000 मधले तीन-साडेतीन हजार उरतात. ते कुठंही वळवू नका, वेगळ्या खात्यात पडू देत, कारण मागच्या वेळी एटीएममधनं कार्डावर कॅश काढायची वेळ आली ती हाताशी पाच-दहा हजार नव्हते म्हणूनच आली असणार. कार्डावरच्या कॅशला काढल्या दिवसापासून व्याज आणि वर काढण्याची फी, त्यात एकही दिवस बिनव्याजी नसतो. म्हणूनच तिसरं कार्ड आधी पूर्ण मोकळं करा म्हणतोय, त्यावर जुनी कॅशची बाकी ठेवून वर ट्रान्सफरचा ईएमआय आणला तर तुम्ही भरलेले पैसे आधी फी, टॅक्स, व्याज आणि ईएमआयला जमा होतात आणि महागडी बाकी तशीच मागं राहते. कुठल्या क्रमानं जमा होतं ते प्रत्येक बँकेच्या अटींमधे लिहिलेलं असतं, तेवढा भाग वाचाच.

दर विचारताना एक गोष्ट नक्की विचारा, फ्लॅट की रिड्युसिंग. महिना 1 टक्का फ्लॅट ऐकायला 1.3 पेक्षा बरं वाटतं ना? 60,000 वर 1 टक्का फ्लॅट म्हणजे वर्षाचं व्याज 7,200, आणि 1.3 रिड्युसिंगचं 5,190. फ्लॅटमधे तुम्ही फेडलेल्या पैशावर पण शेवटपर्यंत व्याज देत राहता, तो 1 टक्का रिड्युसिंगच्या भाषेत महिना पावणेदोनच्या वर जातो. समोरचा गोलमोल बोलला तर म्हणायचं, दर राहू दे साहेब, 60 हजाराला बारा महिन्यांचा हप्ता रुपयात सांगा, जीएसटी धरून सांगा, मेसेजवर पाठवा.

मुदतीआधी बंद केलं तर फोरक्लोजर चार्ज किती, तेही विचारून ठेवा. आणि सोबत विमा जोडतायत का ते बघा, क्रेडिट शील्ड नाहीतर तसल्याच काही नावानं, तुमच्या स्पष्ट होकाराशिवाय तो लावता येत नाही.

ट्रान्सफर झाल्यावरचे दोन महिने सगळ्यात जपायचे, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथल्याच असतात. समजा जुन्या कार्डाचं स्टेटमेंट 5 तारखेला निघालं आणि ट्रान्सफरचे पैसे 14 ला जमा झाले, तर मधल्या नऊ दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला येणारच. 63,000 वर ते जीएसटीसकट पावणेआठशेच्या घरात जातं. माणसाला वाटतं मी तर सगळं फेडलंय, तो ॲप उघडतच नाही, मग त्या पावणेआठशेला लेट फी लागते आणि सिबिलवर थकबाकी दिसते. महाद्वार रोडला साड्यांचं दुकान असणाऱ्या एका ताईंचं अगदी असंच झालं होतं. त्यांनी ट्रान्सफर व्यवस्थित केलं, हप्ते एकही न चुकवता भरले, आणि जुन्या कार्डावरचे हजाराच्या आतले पैसे चार महिने तसेच राहिले, पुढं दुकानासाठी कर्ज मागायला गेल्या तेव्हा ते रिपोर्टमधे निघालं. म्हणून ट्रान्सफर जमा होईपर्यंत जुन्या कार्डाचं मिनिमम ड्यू तारखेच्या आत भरायचंच, आणि नंतर लागोपाठ दोन स्टेटमेंट शून्याची बघितल्याशिवाय ते कार्ड फिटलं असं समजायचं नाही. एखाद दिवस मागंपुढं झालं तर घाबरून जाऊ नका, ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच बँकेला सिबिलकडं उशीर म्हणून कळवता येतं आणि लेट फी पण तेव्हाच, आणि ती राहिलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही.

ज्या कार्डावर ट्रान्सफर आणलंय त्यावर बारा महिने काहीही खरेदी करू नका. काही बँका ट्रान्सफर चालू असताना नव्या खरेदीचे बिनव्याजी दिवस काढून घेतात, काही नाही घेत, पण वर्षभर ते कार्ड कपाटात राहिलं तर हा प्रश्नच येत नाही. ॲपमधनं ऑनलाइन आणि टॅपचं पेमेंट बंद करून ठेवता येतं, ते करा. युपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडलेलं असेल तर ते आधी काढा, चहा-मिसळीचे पन्नास-शंभर कुठल्या खात्यातनं गेले हे स्कॅन करताना कोण बघत बसतंय. रिवॉर्ड पॉइंट, लाउंज, सिनेमाची तिकिटं यावर कार्ड निवडायचं असेल तर ते बाकी शून्य झाल्यावर निवडा, आत्ता वर्षाला 42 टक्के देणाऱ्याला 1 टक्का कॅशबॅकचा काय उपयोग.

ज्यांना लोन मिळतच नाही त्यांच्यासाठी एक. घरात सोनं असेल तर सोनेतारण विचारात घ्या, सहकारी बँकेत नाहीतर राष्ट्रीयीकृत बँकेत, दर विचारून. महिना 1 टक्का लागला तरी कार्डाच्या चौथ्या हिश्शात येतं आणि त्या व्याजावर जीएसटी नाही. पण घरच्यांना सांगून, विचारून, साज किंवा ठुशी त्यांची आहे, निर्णय पण त्यांचा. आणि सोडवायचा हप्ता रोजच्या हिशोबात बसत असेल तरच, नाही सोडवलं तर लिलाव होतो.

फोनवाल्याबद्दल. ट्रान्सफरसाठी जुन्या कार्डाचा नंबर, बाकीची रक्कम, कधी स्टेटमेंट, एवढंच लागतं. सीव्हीव्ही, एक्सपायरी, जुन्या बँकेचा ओटीपी यातलं काहीही लागत नाही, मागितलं तर फोन ठेवा. पैसे जुन्या कार्डाच्या खात्यात थेट जमा होतात, तुमच्या किंवा एजंटच्या खात्यात घेऊन फिरवायची भाषा कुणी केली तर तो प्रकार वेगळा आहे. आणि एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाच्या चौकशीची सिबिलवर नोंद होते आणि ती पुढच्या बँकेला दिसते. त्याआधी स्वतःचा रिपोर्ट काढा, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चारही ठिकाणी वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. वसुलीवाल्यांनी सेटलमेंटचं, म्हणजे कमी पैशात बाकी मिटवायचं सुचवलं तर तुमच्या परिस्थितीत अजिबात नको, थोडे पैसे सुटतात पण रिपोर्टवर सेटल्ड असा शेरा येतो आणि पुढं घरकर्जाला तोच आडवा येतो.

सगळं फिटल्यावर तीनमधलं सगळ्यात जुनं कार्ड ठेवा, 3.75 वालं बंद करा. बंद करण्याचा अर्ज मेलवर द्या, बाकी शून्य असेल तर बँकेला सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाही केलं तर दर दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यायला लागतात. बँकेनं 30 दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन फुकट तक्रार करता येते, 14448 वर माहिती मिळते.

उद्या सकाळी पगाराच्या बँकेत जाऊन ते सव्वा लाख अजून देतायत का ते विचारा, आणि तिसऱ्या कार्डाच्या कस्टमर केअरला बारा महिन्यांचा हप्ता रुपयात विचारा. दोन्ही आकडे मला कळवा, 1.3 पेक्षा दर जास्त सांगितला तर मुदत नऊ महिन्यांवर आणून बसतंय का ते आपण मांडून बघू.